‘विकास’, ‘भाग’ आणि ‘वारसा’ : किनाऱ्यावरील जुन्या संशोधनवास्तूंच्या संदर्भात नियोजन-परिभाषेचे परीक्षण

कायद्याची परिभाषा हा विधिज्ञांचा विषय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने तिकडे पाहिलेच, तर प्रतिशब्द संस्कृतोद्भव आहे की फारसी, सुबोध आहे की दुर्बोध, एवढ्याच प्रश्नाचा तो विचार करतो. परंतु परिभाषेचे खरे कार्य वस्तूंचे वर्ग पाडणे हे होय. ज्या वस्तूला परिभाषेत वर्ग नाही, ती वस्तू व्यवहारात असूनही कायद्याला दिसत नाही. या दृष्टीने महाराष्ट्रातील नगररचना कायद्याच्या काही शब्दांचे परीक्षण प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते समुद्रकिनाऱ्यावरील जुन्या संशोधनवास्तूंचे. कारण अशी वास्तू अंशतः पाडण्याचा प्रश्न उपस्थित होतो तेव्हा या परिभाषेतील उणिवा विशेष स्पष्टपणे उघड्या पडतात.

हा प्रश्न केवळ मुंबई वा अलिबाग यांच्यापुरता आहे असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा सबंध राज्याचा कायदा आहे. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या, मध्य प्रदेशच्या सीमेलगतच्या तुमसर तालुक्यातील बपेऱ्यासारख्या गावीही बांधकामाच्या कागदावर याच कुळातील शब्द उमटतात. शब्द एकच राहतात. त्यांना सामोऱ्या जाणाऱ्या वास्तू मात्र भिन्न असतात.

(१) विकास

अधिनियमाच्या कलम २, खंड (७) मध्ये ‘विकास’ या संज्ञेची व्याख्या आहे. जमिनीवर, जमिनीखाली वा तिच्या वर बांधकाम, अभियांत्रिकी वा खाणकाम करणे, इमारतीत किंवा तिच्या उपयोगात महत्त्वाचा बदल करणे, हे सर्व तीत येते. आजच्या स्वरूपातील या व्याख्येत अस्तित्वात असलेली इमारत किंवा तिचा भाग पाडणे याचाही समावेश आहे. म्हणजे कायद्याच्या भाषेत पाडणे हाही विकासच होय.

या व्याख्येचा मूळ साचा ब्रिटनमधील १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यातील आहे. पाडकाम हे ‘विकास’ ठरते की नाही याविषयी तेथेही दीर्घकाळ वाद होता, आणि १९९१ च्या दुरुस्तीने तो बव्हंशी मिटविण्यात आला. तेव्हा या समावेशामागे व्यवहारी शहाणपण आहे, हे मान्य केले पाहिजे. पाडकाम ‘विकासा’त धरले नसते, तर त्यासाठी परवानगीचीही गरज उरली नसती. कायद्याने शब्द ताणला तो वास्तूच्या रक्षणासाठीच.

तथापि मराठीत या ताणाचा परिणाम निराळा झाला. ‘विकास’ या शब्दाचा मूळ अर्थ उमलणे हा आहे. फुलाचा विकास होतो, बुद्धीचा विकास होतो. वस्तू नाहीशी होणे हा अर्थ त्या शब्दाच्या आसपासही नाही. इंग्रजी कायद्यातील शब्द हा तटस्थ पारिभाषिक शब्द म्हणून घडविला गेला. मराठीतील ‘विकास’ मात्र तोपर्यंत राजकीय आणि सामाजिक व्यवहारात स्तुतिवाचक होऊन बसला होता. त्यामुळे एखादी इमारत ‘विकासा’साठी पाडावयाची आहे असे म्हटले जाते, तेव्हा कायद्याची व्याख्या आणि लोकांची स्तुती एकाच शब्दात मिसळतात. विरोध करणारा मनुष्य पाडकामाला विरोध करीत असतो. शब्दाच्या योगाने तो विकासाचा विरोधक ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९८ मध्ये, मुंबईत स्थापन झालेल्या नगर सुधारणा विश्वस्त मंडळाच्या नावात ‘सुधारणा’ हा शब्द होता. तोही निरपेक्ष नव्हता; परंतु जे सुधारावयाचे ते आधी अस्तित्वात आहे, याची जाणीव त्यात होती. ‘विकास’ या शब्दात ती जाणीव उरली नाही.

(२) भाग

व्याख्येतील दुसरा विचारणीय शब्द ‘भाग’ हा होय. इमारत किंवा तिचा भाग, असे कायदा म्हणतो. भाग म्हणजे काय, हे सांगत नाही. व्यवहारात ते मोजमापाने ठरते : किती चौरस मीटर, कोणता मजला, कोणती बाजू. निवासाच्या वा दुकानाच्या इमारतीस हे मोजमाप बहुधा पुरते.

संस्कृत व्याकरणपरंपरेत ‘एकदेशविकृत’ या नावाने ओळखला जाणारा एक न्याय आहे. एखाद्या वस्तूच्या एका अंशात विकार झाला म्हणून ती वस्तू दुसरीच होत नाही, असा त्याचा आशय. शेपूट तुटलेले कुत्रे कुत्रेच राहते, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. नियोजनकायदा नकळत याच न्यायाने चालतो. अंशतः पाडलेली इमारत तीच इमारत राहते, असे तो गृहीत धरतो. प्रश्न असा की हा न्याय सर्व प्रकारच्या वास्तूंना लागू पडतो काय?

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचे उदाहरण येथे निर्णायक ठरते. मुंबईत कुलाबा येथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा स्थापन केली आणि १८४१ पासून तेथे भूचुंबकत्वाची निरीक्षणे होऊ लागली. पुढे शहरात विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहामुळे चुंबकीय उपकरणांच्या नोंदी दूषित होणार, हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्या कारकीर्दीत नवी वेधशाळा अलिबाग येथे उभारण्यात आली आणि १९०४ मध्ये तिचे काम सुरू झाले. ही इमारत बांधताना चुंबकीय गुण नसलेले साहित्य वापरण्याची दक्षता घेण्यात आली. दगड पोरबंदरचा, तोही पारखून घेतलेला. आणि लोखंडाचा वापर टाळून त्याऐवजी तांबे-पितळ यांसारखे धातू.

अशा इमारतीत भिंत आणि उपकरण यांच्यातील सीमारेषा कोठे काढावयाची? सामान्य इमारतीत भिंत उपकरणाला आश्रय देते. येथे भिंत हा उपकरणाचाच घटक आहे. दगडाच्या जागी लोखंडी गजांचे काँक्रीट आले, तर क्षेत्रफळाच्या हिशेबात बदल क्षुल्लक ठरेल. निरीक्षणाच्या हिशेबात वेधशाळाच बदललेली असेल. मोजण्याचे साधन एका अंशात बदलले की ते दुसरेच साधन होते. ‘एकदेशविकृत’ न्याय कुत्र्याला लागू पडतो, तराजूला लागू पडत नाही.

मराठीत या भेदासाठी शब्द नाहीत असे नव्हे. ‘भाग’ हा मोजून वेगळा करता येतो. ‘अवयव’ वेगळा केला तर अवयवीचे स्वरूप बदलते. भारतीय न्यायशास्त्राने अवयव आणि अवयवी यांच्या संबंधाची चर्चा शतकानुशतके केली आहे. कायद्याच्या परिभाषेने या संपत्तीतून सर्वांत निर्गुण शब्द तेवढा घेतला, आणि त्यामुळे वेधशाळेचा कक्ष व गोदामाची ओवरी यांत तिला फरक करता येत नाही.

(३) वारसा

यावर कोणी असे म्हणेल की विशेष महत्त्वाच्या इमारतींसाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे. ते खरे आहे. १९९४ च्या दुरुस्तीने अधिनियमात ‘वारसा इमारत’ ही संज्ञा दाखल झाली, आणि १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसाविषयक नियम अमलात आले. देशातील शहरांच्या इतिहासात हे महत्त्वाचे पाऊल होते. परंतु अधिनियमातील व्याख्येत इमारतीच्या मूल्यांची जी विशेषणे आहेत ती चार : वास्तुशास्त्रीय, सौंदर्यविषयक, ऐतिहासिक आणि सांस्कृतिक. वैज्ञानिक मूल्याचा तेथे उल्लेख नाही.

ही उणीव केवळ महाराष्ट्राची नाही. केंद्राचा प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा कायदाही ऐतिहासिक, पुरातत्त्वीय व कलात्मक महत्त्वाचीच भाषा बोलतो, आणि वयाची शंभर वर्षांची अट घालतो. उलट युनेस्कोच्या १९७२ च्या जागतिक वारसा करारात स्मारकांचे मूल्य इतिहास, कला किंवा विज्ञान यांच्या दृष्टीने ठरवावे असे म्हटले आहे. भारताने हा करार स्वीकारला आहे. आंतरराष्ट्रीय करारात असलेला शब्द देशी कायद्यात उतरला नाही, एवढाच याचा अर्थ.

‘ऐतिहासिक’ या विशेषणात विज्ञानाचा इतिहास येतोच, असा युक्तिवाद संभवतो. तो वरवर पाहता पटण्यासारखा आहे. पण ‘ऐतिहासिक’ हा शब्द घडून गेलेल्या गोष्टीकडे पाहतो. वेधशाळेचे मूल्य तेथे पूर्वी काय घडले एवढ्यातच नसते, ते आजही जे चालू आहे त्यात असते. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभी पृथ्वीवर जे प्रचंड चुंबकीय वादळ झाले, त्याची नोंद कुलाब्याच्या वेधशाळेत झाली होती. ती नोंद शतकाहून अधिक काळ जुन्या कागदांत पडून राहिली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात तिचा नव्याने अभ्यास झाला, आणि चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट झाल्याचे त्या नोंदीवरून मांडण्यात आले. आज उपग्रह आणि विद्युत्‌वाहिन्या यांना सौर वादळांपासून किती धोका संभवतो, याचा विचार करताना जगभर त्या नोंदीचा आधार घेतला जातो. नोंद करणाऱ्याला तिचा हा उपयोग ठाऊक असणे शक्य नव्हते. निरीक्षणमालेचे मूल्य असे पुढे असते, आणि पुढे असलेल्या मूल्यासाठी ‘ऐतिहासिक’ हा शब्द अपुरा पडतो. ‘सांस्कृतिक’ हा इतका व्यापक आहे की त्यात सर्व काही येते, आणि म्हणून निर्णयाच्या वेळी त्यातून काहीच निष्पन्न होत नाही.

सौंदर्य आणि वास्तुशैली या कसोट्यांवर तर संशोधनवास्तू बहुधा मागेच पडते. मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत आणि हिंदी महासागराच्या पातळीविषयीच्या सर्वांत दीर्घ नोंदींत त्यांची गणना होते. अशा मापकाचे महत्त्व त्याच्या छपराच्या नक्षीत नसते. ज्या स्थिर खुणेपासून पाण्याची उंची मोजली जाते, त्या खुणेत ते असते. ती खूण हलली तर शेजारचे सुंदर छप्पर जतन करून काही साधत नाही. अमेरिकेत ला होया येथील स्क्रिप्स संस्थेची १९१० ची समुद्रकिनारी प्रयोगशाळा १९७० नंतरच्या दशकात पाडली जाण्याच्या बेतात होती. ती वाचली आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली. तिचा वास्तुविशारद अर्व्हिंग गिल हा नामांकित होता, ही गोष्ट तिच्या पथ्यावर पडली. ज्या प्रयोगशाळेचा आराखडा सार्वजनिक बांधकाम खात्यातील एखाद्या अनाम अभियंत्याने केला असेल, तिचे काय होणार, हा प्रश्न राहतोच.

(४) परवानगी आणि सूचना

वरील विशेषणांची चर्चा शब्दच्छलाची नव्हे, हे अधिनियमाच्या कलम ४३ वरून ध्यानात येईल. विकासासाठी परवानगी हवी, असा सामान्य नियम घालून हे कलम काही अपवाद करते. इमारतीच्या केवळ अंतर्भागापुरत्या, किंवा बाह्य स्वरूपात विशेष फरक न करणाऱ्या दुरुस्त्या व फेरफार यांना परवानगीची गरज नाही, हा त्यांतील एक. आणि वारसा इमारतींना तो लागू नाही. म्हणजे इमारत ‘वारसा’ ठरली तर तिच्या अंतर्भागाला संरक्षण आहे, न ठरली तर नाही. संशोधनवास्तूचे सर्वस्व अंतर्भागातच असते. बाहेरून बैठी, साधी, चुन्याने रंगविलेली इमारत. आत मात्र स्थिर तापमानाचा कक्ष, कंप न पोचणारा चौथरा, समुद्राचे पाणी आणणारी नळयोजना. रस्त्यावरून जाणाऱ्याला जे दिसते त्याला कायदा जपतो. ज्यासाठी इमारत बांधली ते त्याच्या दृष्टीआड राहते.

दुसरे असे की या वास्तू बहुतांशी शासनाच्या मालकीच्या असतात. खाजगी मालकाने कलम ४४ खाली अर्ज करावयाचा आणि प्राधिकरणाने कलम ४५ खाली परवानगी द्यावयाची वा नाकारावयाची, हा सर्वपरिचित मार्ग. शासनाच्या स्वतःच्या कामासाठी मात्र कलम ५८ आहे. त्यानुसार संबंधित अधिकाऱ्याने काम सुरू करण्यापूर्वी किमान तीस दिवस प्राधिकरणाला आपला हेतू लेखी कळवावयाचा असतो, आणि प्राधिकरण हरकती घेऊ शकते. भाषेच्या दृष्टीने ‘परवानगी’ आणि ‘कळविणे’ यांत महदंतर आहे. पहिल्या क्रियेत विचारणारा खालच्या पायरीवर उभा असतो. दुसरीत तो बरोबरीने, किंबहुना वरूनच बोलतो. तेव्हा शासकीय प्रयोगशाळेच्या पाडकामास ‘परवानगी मिळाली’ असे सैलपणे म्हटले जाते, त्या वेळी खरोखर कोणी कोणास काय विचारले, हे तपासून पाहणे अगत्याचे असते.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचा विचार या संदर्भात उद्बोधक आहे. डी. बी. तारापोरवाला यांच्या दोन लाख रुपयांच्या देणगीसह सुमारे आठ लाख रुपये खर्चून उभारलेल्या या वास्तूचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. नागरिकांच्या स्मरणात ती रंगीत मासे पाहण्याची जागा म्हणून आहे. परंतु तिच्याशी सागरी जीवशास्त्राचे संशोधन केंद्रही निगडित होते, आणि स्वातंत्र्योत्तर काळातील मत्स्यविज्ञानाच्या शोधनिबंधांवर या केंद्राचे नाव आढळते. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये मत्स्यालय पुन्हा उघडले, २०२० च्या महासाथीत बंद झाले, आणि पुढे इमारतीच्या दुर्बलतेचा व पुनर्बांधणीचा विषय निघाला. या चर्चेत ‘मत्स्यालय’ हे एकच नाव वावरते. नाव प्रेक्षागृहाचे असल्यामुळे हानीही प्रेक्षकांची तेवढीच मोजली जाते. वास्तूची दुसरी ओळख नावातच नसल्याने तिचा हिशेब कोणी मागत नाही.

(५) पाडणे, उतरविणे आणि निष्कासन

पाडकामाच्या क्रियापदांकडेही पाहिले पाहिजे. महानगरपालिकांच्या मराठीत ‘इमारत निष्कासित करणे’ हा प्रयोग आता रूढ आहे. निष्कासन म्हणजे बाहेर घालविणे, हाकलून देणे. अतिक्रमणाच्या बाबतीत हा शब्द अर्थाला धरून होता. कारण जे परके ते बाहेर घालवावयाचे. तोच शब्द पुढे अधिकृत, स्वमालकीच्या, केवळ जीर्ण झालेल्या इमारतींनाही लावण्यात आला, आणि जीर्ण वास्तू व बेकायदा झोपडी यांच्यातील भेद शब्दाच्या पातळीवर पुसला गेला.

बोलीभाषा याबाबत अधिक नेमकी आहे. बपेऱ्याच्या परिसरात, किंबहुना सबंध पूर्व विदर्भात, जुन्या घरांवर कवेलू असतात. पावसाळ्यापूर्वी ते उतरवितात, फुटके वेगळे काढतात, खालची कामटी तपासून खराब झालेली बदलतात आणि कवेलू पुन्हा चढवितात. यास ‘कवेलू फेरणे’ म्हणतात. कोकणात याच जातीच्या कामाला शाकारणी हा शब्द आहे. छप्पर अर्धेअधिक उतरविलेले असते, तरी त्याला कोणी ‘पाडणे’ म्हणत नाही. कारण क्रियापदातच पुन्हा चढविण्याचे आश्वासन आहे. पाडणे, मोडणे, उतरविणे, उकलणे, फेरणे ही पाच क्रियापदे पाच भिन्न हेतू सांगतात. परवानगीच्या कागदावर मात्र या सर्वांसाठी एकच शब्द येतो आणि त्याच्या मागे ‘अंशतः’ हे विशेषण जोडले की काम भागले असे मानले जाते. जो भाग पाडावयाचा तो परत उभा राहावयाचा आहे काय, त्याच साहित्यात राहावयाचा आहे काय, त्याच जागी राहावयाचा आहे काय, या प्रश्नांची उत्तरे गवंड्याच्या क्रियापदात मिळतात. अधिकाऱ्याच्या क्रियापदात मिळत नाहीत.

(६) निष्कर्ष

या विवेचनाचा अर्थ असा घेऊ नये की जुनी संशोधनवास्तू कधीच पाडू नये. खारा वारा काँक्रीटमधील लोखंडाला गंजवितो, गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीट फोडते. किनाऱ्यावरील इमारतींचे आयुष्य त्यामुळे घटते. जी इमारत कोसळून माणसे मरण्याचा संभव आहे, ती निरीक्षणमालेच्या नावाने उभी ठेवण्याचा सल्ला कोणी देणार नाही. शिवाय विज्ञानाची साधने बदलतात, आणि त्यांच्याबरोबर इमारतीही बदलणे अपरिहार्य आहे. प्रश्न पाडावे की न पाडावे हा नसून, पाडताना काय विचारले जावे हा आहे.

त्याचे उत्तम उत्तर कुलाबा आणि अलिबाग यांच्याच इतिहासात आहे. अलिबागची वेधशाळा सुरू झाल्याबरोबर कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे थांबविण्यात आली नाहीत. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेण्यात आल्या, त्यांची तुलना करण्यात आली, आणि मगच जुनी मालिका बंद झाली. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या सामग्रीचे संकलन प्रसिद्ध केले. विद्युत् ट्राम १९०७ मध्ये मुंबईत धावू लागली. म्हणजे शहराला त्याची ट्राम मिळाली, आणि विज्ञानाची मालिकाही तुटली नाही. त्या वेळी नगररचनेचा कायदा नव्हता, वारशाची व्याख्या नव्हती. काय गमावले जाणार आहे हे अचूक शब्दांत सांगू शकणारी माणसे मात्र होती.

आजच्या कायद्यात त्यासाठी फार मोठ्या फेरबदलाची आवश्यकता नाही. ‘वारसा इमारती’च्या व्याख्येत ‘वैज्ञानिक’ हे एक विशेषण वाढविले, तर संशोधनवास्तूंचा अंतर्भाग आपोआप संरक्षणाखाली येऊ शकेल. अंशतः पाडकामाच्या अर्जात व कलम ५८ खालील सूचनेत क्षेत्रफळाच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने असावेत : या भागात कोणते निरीक्षण वा प्रयोग चालतात, आणि ते थांबण्यापूर्वी समांतर नोंदी किती काळ घेतल्या जातील. किनारा नियमनाच्या १९९१ च्या अधिसूचनेने, ज्यांना समुद्रसान्निध्याची प्रत्यक्ष गरज आहे अशा उद्योगांचा वेगळा विचार केला होता. जी दृष्टी उद्योगांना मिळाली ती निरीक्षणशाळांना मिळण्यास अडचण नसावी.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेबरोबर १९६० मध्ये भाषा संचालनालय निर्माण झाले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला, आणि राज्यकारभाराच्या मराठीसाठी पदनामांचे व व्यवहाराचे कोश सिद्ध झाले. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाशी नाते सांगणारा हा उद्योग मोलाचा होता. परंतु त्याचे लक्ष मुख्यतः इंग्रजी शब्दाला मराठी शब्द देण्याकडे राहिले. इंग्रजी कायद्यात जी संकल्पनाच नव्हती, तिला मराठीत शब्द सुचविण्याचे काम कोशाच्या कक्षेबाहेर राहिले. ‘भाग’ आणि ‘अवयव’, ‘पाडणे’ आणि ‘उतरविणे’ हे भेद भाषेत पूर्वीपासून आहेत. ते कायद्यात नेणे हे प्रतिशब्द घडविण्याहून अवघड, पण अधिक उपयोगाचे काम आहे. आणि ते विधिज्ञांइतकेच भाषेच्या अभ्यासकांचेही आहे.